लंडनची ट्यूब आणि १९४०

दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांच्या बॉम्बहल्ल्यांत लंडनकर रात्री ट्यूबमध्ये, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेत, सुरक्षित होते असं म्हटलं जातं, त्यात भर घालतो. सप्टेंबर १९४० मध्ये हल्ले सुरू झाले तेव्हा स्टेशनं आसऱ्यासाठी खुली करायला सरकार राजीच नव्हतं. लोक साधं तिकीट काढून खाली उतरले आणि वर यायचं नाव घेईनात! अंथरूण-पांघरूण घेऊन दुपारपासून रांगा. गाड्या चालूच, त्यामुळे फलाटावर आखलेल्या पांढऱ्या रेघेमागेच पसरायचं. सुरुवातीला संडास म्हणजे बादल्या.

पण खाली जाणारे होतेच किती? नोव्हेंबरच्या मोजणीत शंभरात जेमतेम ४. बहुतेकांनी रात्री घरातच काढल्या, कुणी जिन्याखाली, कुणी परसातल्या पत्र्याच्या आसऱ्यात. आणि ट्यूबमध्येही जीव वाचेलच याची खात्री नव्हती. १४ ऑक्टोबरला लंडनमधल्या बॅलहम स्टेशनाच्या वरच्या रस्त्यावर बॉम्ब पडला, फुटलेल्या पाइपांचं पाणी आणि चिखल स्टेशनात घुसला, साठाहून जास्त माणसं गेली.