व्याह्यांसाठी कॅनडाची वाइन : पंगतीत कोणती, भेट म्हणून कोणती?

कोथरूडकर : आमचे चिरंजीव आणि सूनबाई डिसेंबरअखेर टोरोंटोहून येत आहेत. ३१ तारखेला व्याही-विहीणबाईंसह आमच्याकडे जेवण आहे. तळलेली सुरमई, मटणाचा तांबडा रस्सा, शाकाहारी मंडळींसाठी भरली वांगी आणि शेवटी गाजराचा हलवा असा बेत ठरला आहे. व्याह्यांना वाइनची चांगली जाण असून नाशिकच्या वाइन ते आवडीने घेतात. म्हणून त्यांना कॅनडाची एक बाटली भेट द्यावी आणि बाकीच्या जेवणात उघडाव्यात, असे मनात आहे. मुलगा आइसवाइनचा आग्रह धरतो आहे, परंतु ती फार गोड असते असे ऐकतो. ती जेवणाबरोबर चालेल का, आणि निवड कशी करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

औंधकर : भेटीसाठी आइसवाइनच घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. कडाक्याची थंडी पडेपर्यंत द्राक्षे वेलीवरच ठेवतात आणि तापमान उणे ८ अंश किंवा त्याहून खाली गेले की, बहुधा रात्रीच, ती तोडून गोठलेल्या अवस्थेतच दाबतात. पाणी बर्फ होऊन मागे राहते आणि अतिशय घट्ट रस थोडासाच हाती येतो. म्हणूनच ती महाग असते आणि सहसा ३७५ मिलीच्या बाटलीत मिळते. साखरेबरोबर आंबटपणाही एकवटत असल्यामुळे चांगली आइसवाइन जिभेवर चिकट वाटत नाही. व्याह्यांनी नाशिकची लेट हार्वेस्ट शेनिन ब्लां (शेनिन ब्लां जातीच्या, उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाइन) घेतली असेल, तर हा फरक त्यांना पहिल्याच घोटात कळेल. ओंटारियो प्रांताच्या नायगारा भागातील इनिस्किलिन या वायनरीच्या १९८९ च्या विडाल आइसवाइनला १९९१ मध्ये फ्रान्समधील बोर्दोच्या व्हिनएक्स्पो या वाइन प्रदर्शनात सर्वोच्च सन्मान मिळाला आणि तेव्हापासून कॅनडाच्या वाइनकडे जगाचे लक्ष गेले. विडाल आणि रिस्लिंग या द्राक्षांच्या जाती; विडालची आइसवाइन अधिक फळाळ असते, रिस्लिंगची अधिक तरतरीत. जाणकारासाठी मी रिस्लिंग निवडेन.

रश्श्याबरोबर मात्र आइसवाइन मुळीच उघडू नये. हलव्याच्या वेळी, फ्रिजमध्ये चांगली गार करून, लहान पेल्यांतून द्यावी. मिठाईपेक्षा वाइन कमी गोड असेल तर ती आंबट लागते. आइसवाइनबाबत ती भीती फारशी नाही.

द्राक्षबाग : जेवणासाठी नायगाराची किंचित गोडसर रिस्लिंग (आइसवाइन नव्हे, साधी पांढरी वाइन) मागवावी. तिखटाबरोबर जड, तुरट लाल वाइन घेतली की तोंडाची आग वाढते, आणि तांबड्या रश्श्याला तर ती अजिबात सोसत नाही. उलट रिस्लिंगचा आंबटपणा तळलेल्या सुरमईलाही लिंबासारखा उपयोगी पडतो. लाल वाइन हवीच असेल तर गामे या द्राक्षांची हलकी वाइन घ्यावी आणि वाढण्यापूर्वी थोडा वेळ गार करावी. भरल्या वांग्यांच्या दाण्याच्या कुटाला ती छान साथ देते.

बाटलीवर 'व्हीक्यूए' (व्हिंटनर्स क्वालिटी अलायन्स) ही अक्षरे आहेत ना, हे मुलाला अवश्य पाहायला सांगा. ओंटारियोत ती खूण असलेली वाइन तिथल्याच द्राक्षांची असते. ती नसेल तर आयात केलेली वाइन मिसळलेली असू शकते. पश्चिमेकडील ब्रिटिश कोलंबिया प्रांताची बाटली घेणार असाल तर लेबल अधिकच बारकाईने वाचावे, कारण जानेवारी २०२४ च्या थंडीने तिथल्या ओकानागन खोऱ्यातील द्राक्षपीक जवळजवळ हातचे गेले आणि त्या वर्षी तिथल्या अनेकांनी बाहेरची द्राक्षे वापरली.

विमाननगर : आणण्याविषयी थोडेसे. प्रत्येक प्रौढ प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येते, त्यामुळे दोघांत मिळून तीन मोठ्या बाटल्या आणि एक आइसवाइन सहज बसते. बाटल्या कपड्यांत गुंडाळून चेक-इन सामानातच ठेवाव्यात. ड्यूटी फ्रीमध्ये घेतल्या तर मधल्या विमानतळावरील तपासणी होईपर्यंत ती सीलबंद पिशवी उघडू नये.