अनुभव धागा: जुन्याच कमांड पुन्हा लिहून नवी भाषा शिकताना

कूलरवाला

नागपूरचा मे महिना. दुपारी कूलरमध्ये दोनदा पाणी ओतायचं आणि मधल्या वेळात गो ही प्रोग्रामिंग भाषा शिकायची, असं ठरवलं होतं. नोकरी जावावर चालली आहे. गोचे व्हिडिओ पाहताना सगळं कळायचं, रिकामी फाईल उघडली की हात थांबायचे. ऑफिसातले एक दादा म्हणाले, "अबे, टू-डू अ‍ॅप कायले बनवतं? डब्ल्यूसी लिहून पाय."

डब्ल्यूसी म्हणजे ओळी, शब्द, बाईट मोजणारी कमांड, १९७१ च्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमपासूनची. माझी तासाभरात झाली. मग फाईलमध्ये फक्त 'नागपूर' लिहून चालवली. उत्तर १८! बोटांवर मोजली तर अक्षरं चार: ना, ग, पू, र. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाईट खातं, आणि काना नि ऊकार ही चिन्हं वेगळी धरतात. म्हणून सहा त्रिक अठरा. गोमधलं लांबी सांगणारं लेन बाईट मोजतं. रून, म्हणजे सुटी चिन्हं, मोजले तर ६ आले. चार आणायला बाहेरची लायब्ररी घ्यावी लागली. इतकी वर्षं जावात स्ट्रिंग वापरतोय, पण तिच्या पोटात कधी डोकावलोच नव्हतो.

अजून एक गंमत. खऱ्या कमांडने ओळी ० दाखवल्या, माझ्या कमांडने १. खरी कमांड ओळी मोजतच नाही, ओळ संपल्याची खूण मोजते, आणि मी शेवटी एंटर मारलं नव्हतं.

तुम्ही काय बनवलं, कुठे अडकलात? फसलेलं आधी सांगा.

महालची मास्तरीण

मी सी शिकवते. पहिल्या महिन्यात सगळ्यांकडून कॅट, म्हणजे फाईल जशीच्या तशी छापणारी कमांड, लिहून घेते. निम्मी मुलं गेटचार या एकेक बाईट वाचणाऱ्या फंक्शनने आलेलं मूल्य 'चार' (char) या एका बाईटच्या प्रकारात ठेवतात, आणि मजकुराची फाईल छान छापली जाते. मग मी म्हणते, आता त्यातून फोटो कॉपी करा. "मॅडम, फाईल रिकामीच येते!" जेपेगचा पहिलाच बाईट २५५. आमच्या लॅबमधल्या मशीनवर 'चार'मध्ये तो उणे एक होतो, आणि उणे एक म्हणजे फाईल संपली. 'चार'ऐवजी इंट हा मोठा पूर्णांक प्रकार लिहिला की चालतं. फळ्यावर हे मी आधी तीन वर्षं समजावत होते. कोणाच्या लक्षात राहत नव्हतं.

लॉगबहाद्दर

रस्ट भाषेत कॅट. पुढे पाईपने, म्हणजे एकाचं आउटपुट दुसऱ्याला देणाऱ्या जोडणीने, सुरुवातीच्या ओळी दाखवणारं हेड जोडलं. हेडने दहा ओळी घेतल्या नि दार लावलं, इकडे माझा प्रोग्राम 'ब्रोकन पाईप' म्हणत पॅनिक, म्हणजे एरर दाखवून बंद. सीमधला असता तर पलीकडे वाचणारं कोणी नाही हे सांगणारा सिगपाईप सिग्नल येऊन गुपचूप मेला असता. रस्ट तो सिग्नल सुरुवातीलाच बंद करून ठेवतं. एरर आली की पॅनिक होणारं प्रिंटएलएन काढून एरर परत देणारं राईटएलएन घेतलं, एरर हाताळली. रिझल्ट हा 'जमलं की एरर आली' सांगणारा प्रकार त्या रात्री डोक्यात बसला.

इतवारी

काकांच्या ठोक दुकानातली ग्राहकांची यादी. एकच नंबर पाच-पाचदा. पायथनमध्ये युनिक, म्हणजे पुन्हा आलेल्या ओळी काढणारी कमांड, लिहिली, पाहिलेली ओळ सेटमध्ये टाकायची नि पुन्हा आली तर सोडायची. नंतर कळलं, खरी युनिक फक्त लागूनच्या ओळीशी ताडून पाहते, म्हणून लोक आधी सॉर्ट करतात. मोठ्या फाईलवर तिची मेमरी वाढत नाही, माझी वाढते. पण सॉर्ट केलं तर काकांच्या यादीचा क्रम मोडतो, आणि तो मोडलेला त्यांना चालत नाही. दुकानात अजून माझीच चालते!

मानेवाडा

फोल्डरमधल्या फाईलींची यादी दाखवणाऱ्या एलएसपासून सुरुवात केली. रंग, रकाने, परवानग्या... पाच रविवार गेले, सोडून दिली. बाप्पा, तिथून नका सुरू करू.

कूलरवाला

मास्तरीणबाई, तुमचं वाचून माझ्या गोच्या कॅटमधून एक फोटो काढून पाहिला. पूर्ण आला. आता टेल घेतलीय. फाईल पूर्ण न वाचता शेवटच्या दहा ओळी हव्यात, म्हणजे शेवटाकडून मागे तुकडे वाचत खुणा मोजायच्या. तुकडा नेमका 'पू'च्या मधोमध तुटला. थांबा, कूलर कोरडा झालाय, पाणी टाकून येतो.