मदत हवी आहे : अमेरिकी बेसबॉलपटू साय यंग यांची सही अस्सल आहे का?

ओहायोतील एका विक्रेत्याकडे, साय यंग यांची निळ्या शाईतील सही असलेले, कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममधील (थोर बेसबॉलपटूंचा गौरव करणाऱ्या संग्रहालयातील) त्यांच्या फलकाचे कृष्णधवल पोस्टकार्ड आहे. हॉल १९३९ साली उघडला आणि यंग १९५५ साली वारले, त्यामुळे काळ जुळतो. भिंगाखाली छपाईचे ठिपके दिसत नाहीत आणि अतिनील प्रकाशात कागद चमकत नाही. मात्र त्यावरून फार तर कार्ड जुने ठरते, सही नव्हे (बनावट सह्या करणारेही जुनाच कागद शोधतात). प्रमाणपत्र नाही आणि खरेदीपूर्वी कार्ड तपासणीसाठी पाठवण्यास विक्रेता राजी नाही. अशा वेळी यंग यांच्या उतारवयातील सहीत कोणती वळणे आणि हाताचा कोणता ओघ पाहावा, आणि तुलनेसाठी निःसंशय नमुने कोठे मिळतील?