जुन्या एमएम ५४० चं इंजिन बदलायचं की आहे तेच ताळ्यावर आणायचं?

घोडबंदरकर
माझी १९९४ ची महिंद्रा एमएम ५४०, पासिंग एमएच ०४, इंजिन मूळचं प्यूजो एक्सडीपी, २११२ सीसी. गेल्या पावसाळ्यात मुरबाडच्या पुढे एका शेतवाटेवर लो गिअर (फोर बाय फोरचा हळू पण जास्त जोराचा गिअर) टाकून चढवत होतो. मागची चाकं चिखलात, आणि इंजिनाने ऐन वेळी दम सोडला. काळा धूर, आवाज मोठा, ओढ काहीच नाही. मागून आलेल्या थारने पट्टा लावून काढलं. तेव्हापासून ओळखीतला प्रत्येक जण एकच सांगतोय, बोलेरोचं डीआय टर्बो इंजिन (डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं, टर्बोने जादा हवा घेणारं) टाक, सुटशील.

मला हे पटत नाही. मोजमाप न करता इंजिन उतरवणं चूक आहे. मागच्या आठवड्यात चारही नॉझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) काढून वागळे इस्टेटमधल्या पंपवाल्याकडे नेले. चांगला नॉझल टेस्टरवर लावून दांडा दाबला की डिझेल बारीक धुक्यासारखं सुटतं आणि दांड्यात करकर हाताला जाणवते. माझे दोन नॉझल नुसते थेंब गाळत होते. ते डिझेल नीट जळतच नाही, धूर होऊन जातं. असं असताना सगळं इंजिनच वाईट कसं म्हणायचं? तीस वर्षं साथ दिलेली गोष्ट तपासल्याशिवाय भंगारात घालवत नाही मी.

तुर्भे_४बाय४
दादा, जीव लागलाय ते कळतं, पण हिशेब मांडा. तुमचं प्यूजो नवं असताना ६२ हॉर्सपॉवरचं, डीआय टर्बो ६३ चं. वरवर सारखंच. पण तुमचे ६२ मिळतात ४५०० आरपीएमला, आणि डीआयचा साधारण १८० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, १५०० च्या आसपासच हातात येतो. चिखलात ४५०० वर कोण नेतं गाडी?

मी २०१२ मध्ये एमआयडीसीत बदलून घेतलं. माळशेजला जिथे दुसऱ्यावर यावं लागायचं तिथे आता तिसऱ्यावर चढते. शिवाय डीआयचं सामान तालुक्याच्या गावात मिळतं. प्यूजोच्या एका हेड गॅस्केटपायी कुर्ल्यात माझे दोन शनिवार गेले होते. तुम्ही नॉझल कितीही सुधारा, मिळणार गाडी नवी असतानाचे ६२. त्यावर एकही नाही.

घोडबंदरकर
तेच ६२ मला परत हवेत! या जीपला लो मध्ये २.४६ चा रेशो आहे. इंजिन देतं त्याच्या जवळजवळ अडीच पट जोर तिथेच होतो. गाडी नवी होती तेव्हा हीच वाट हेच इंजिन चढत होतं.

नेरुळची_थार
माझी २०१४ ची थार सीआरडीई, १०५ हॉर्सपॉवर. दोन वर्षांपूर्वी ईसीयू रिमॅप केलं, म्हणजे जोर वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदललं. एक्स्प्रेसवेवर फरक जाणवला, खोटं कशाला बोलू. पण कर्जतच्या दगडी चढावर टर्बो जागा होईपर्यंत पूर्वीइतकाच वेळ जायचा, आणि चार महिन्यांत क्लच प्लेट घसरायला लागली. चिखलात खरा फरक पडला तो टायरची हवा ३० वरून १८ वर आणल्यावर. म्हणून ट्यूनिंगवाल्यांनीही रिमॅप स्वस्त नि सुरक्षित आहे असं छातीठोक सांगू नये.

कळव्याचा_मिस्त्री
चाळीस वर्षं डिझेलचं काम केलं, म्हणून थोडं लांबवतो.

पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवायला सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. तुमच्या इंजिनाला टर्बो नाही. हवा जेवढी आत येते तेवढीच. वरचं डिझेल म्हणजे काळा धूर आणि तापलेला पिस्टन. माथा जळून भोक पडलेले पिस्टन मी या हाताने काढलेत.

दुसरीकडे, नुसतं इंजिन बदललं असं कधी होत नाही. डीआय वजनदार, म्हणजे पुढचे पाटे बघा. बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच), माउंटिंग, क्लच, रेडिएटर बघा. जोर वाढला की प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस बोलायला लागतात, आणि ब्रेक मात्र जुनेच राहतात.

आणि घोडबंदरकर, तुम्ही नॉझलवर थांबलात. इंजिन गरम करून चालू ठेवा आणि ऑइल भरायचं झाकण काढा. भकाभक धूर आला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, नॉझलचा खर्च वाया. कॉम्प्रेशन घ्या, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजा. कमी असेल त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा घ्या. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह नाहीतर गॅस्केट.

वाशीकर_आरसी
कागदांचं कोणी बोलतच नाहीये. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, आरसीवरचा तपशील कंपनीने मूळ दिलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल करायचा नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. कलम १८२ए खाली प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. उद्या अपघात झाला तर इन्शुरन्सचा सर्व्हेअर आधी इंजिन नंबर ताडून बघेल. तुमच्या चुकीची किंमत समोरच्या जखमी माणसाने मोजायची का? माझ्यासाठी वाद इथेच मिटतो.

तुर्भे_४बाय४
माझं डीआय आरसीवर चढलेलं आहे, पण काळ वेगळा होता. आज त्याच वाटेने जा असं मी कोणाला सांगणार नाही, हे मान्य. तरी मूळ मुद्दा सोडत नाही. डोंगरात खालचा टॉर्कच लागतो आणि प्यूजोकडे तो नाही. मग ज्याला डीआय हवं त्याने कारखान्यातूनच ते घेऊन आलेली गाडी शोधावी. दादांनी ही गाडी विकावी असं माझं मत आहे, राग आला तरी चालेल.

घोडबंदरकर
राग नाही, पण विकणार नाही. बाबांनी घेतलेली गाडी आहे.

काका, काल सांगितलंत तसं केलं. झाकण काढलं तर हाताला गरम धूर लागला. कॉम्प्रेशन पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरला २६-२७ बार, तिसऱ्याला २१. ऑइल टाकल्यावर त्याचे २५ झाले. म्हणजे रिंगा. नॉझलवर सगळं निभावेल असं मी धरून बसलो होतो, ते चुकलं. इंजिन उघडावं लागणार, आणि खर्च मी धरला होता त्याच्या कितीतरी पुढे जाणार. तरी उघडणार हेच.

कळव्याचा_मिस्त्री
एका सिलिंडरच्या रिंगा बदलून भागवू नका, चारही करा. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) मापल्याशिवाय नवे पिस्टन आणू नका. ओव्हरसाइज, म्हणजे मोठ्या मापाचा पिस्टन लागला तर पैसे बुडतील.

तुर्भे_४बाय४
माझ्याकडे प्यूजोचा जुना गॅस्केट सेट पडून आहे, न वापरलेला. रविवारी घेऊन येतो. बोअर मापताना मलाही बघायचंय.