अनुभव धागा : कोल्हापूरनं तुम्हाला 'आपलं' कधी म्हटलं?

धागाकर्ता

काल संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर नेहमीसारखा उभा होतो. समोर म्हैस, चरवीत धार पडतेय, फेस काठाला आलाय. नऊ वर्षांपूर्वी नांदेडहून बदलीवर आलो तेव्हा याच गवळीमामांनी "पाव्हणं, कुठनं आलासा?" असं विचारून धारोष्ण दुधाचा ग्लास हातात दिला होता. पैसे द्यायला लागलो तर म्हणाले, "आज ऱ्हाऊ द्या, उद्या येणारच की तुम्ही." तसंच झालं. काल एक गाडीवाला थांबून त्यांना ताराबाई पार्कचा रस्ता विचारायला लागला. मामांचे दोन्ही हात कामात. मान माझ्याकडं वळवून म्हणाले, "ह्यास्नी इचारा, आपल्यातलंच हाईत."

रस्ता सांगितला. मग तो ग्लास संपवायला मला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला.

तुमच्या बाबतीत हे कधी घडलं ते लिहा. जन्मानं इथले असाल तर गाव सोडल्यावर कधी जाणवलं तेही लिहा. खाण्याच्या याद्या नकोत, प्रसंग हवेत.

राजारामपुरी नववी गल्ली

माझं माहेर पुण्याचं. लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी सकाळी सासूबाई दारातून म्हणाल्या, "मी देवळात जाऊन येतो गं." मी मागं वळून बघितलं, सासरे बोलले की काय! मग कळलं की इथल्या कितीतरी बायका असंच बोलतात. मी येतो, मी करतो, मी सांगतो की तुला. आधी कानाला खटकायचं, मग त्यातला ठसका आवडायला लागला. आपण एखादं काम करणार आहोत हे त्या 'करतो'मध्ये जितकं ठामपणे येतं तितकं माझ्या 'करते'मध्ये कधी येत नव्हतं.

तिसऱ्या वर्षी फोनवर आईला म्हटलं, "चल, ठेवतो आता." पलीकडं शांतता. मग आई म्हणाली, "झालीस तू तिकडची." आता माझी सात वर्षांची मुलगीही "मी खेळायला जातो" म्हणते. मी तिला एकदाही दुरुस्त केलेलं नाही.

तालमीचा पोरगा

मी शिवाजी पेठेतला, मेहुणा मंगळवार पेठेतला. बाहेरच्यांना यात काही वाटणार नाही, पण फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की आमच्या घरात दोन देश होतात. इथं फुटबॉलचे संघ पेठांतल्या तालमींचे. शाहू स्टेडियमवर आपापल्या तालमीची मॅच असली की सकाळपासून एकमेकांना फोन नाही. बायको निरोप्याचं काम करते. तीही माहेरच्या बाजूनं असते, ते वेगळंच.

माझे वडील मला पहिल्यांदा स्टेडियमवर घेऊन गेले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. सिमेंटच्या पायऱ्या तापलेल्या, खाली रुमाल अंथरलेला, वडिलांच्या खिशात शेंगदाण्याची पुडी. आपल्या तालमीच्या पोरानं गोल मारला आणि शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्यानं मला उचलून खांद्यावर घेतलं. वडिलांना विचारलंही नाही. त्या खांद्यावरून जेवढं मैदान दिसलं तेवढं नंतर कुठूनच दिसलं नाही.

वर्ल्डकपला भांडणाची वाटणी वेगळी. मी अर्जेंटिना, तो ब्राझील. आमच्या गल्लीत खेळाडूंचे कटआउट दोन मजले उंच लागतात. २०२२ ची फायनल पेनल्टीवर गेली तेव्हा घरात कुणी बसलेलं नव्हतं, सगळे उभे. अर्जेंटिना जिंकली आणि चौकात हलगी सुरू झाली. नाचता नाचता बघतो तर मेहुणा पेढ्यांचा बॉक्स घेऊन आलेला, अंगात ब्राझीलचा पिवळा टीशर्ट तसाच. म्हणाला, "खा भावा. हंगामात बघतो तुला."

म्युनिकहून

पावसाळ्यात सकाळी उठल्यावर मी आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३, हे आकडे माझ्या जर्मन बायकोलाही पाठ झालेत. आमच्या आजीला फूट लागत नसत. "जामदार क्लबपाशी आलंय" एवढं ऐकलं की ती धान्याचे डबे माळ्यावर चढवायला सांगायची. आणि पाणी पात्राबाहेर पडलं की आख्खं गाव ते बघायला घाटाकडं निघायचं. त्यात भीती असायची, पण एक प्रकारची हजेरीही असायची. नदी आली आहे, भेटून यायला हवं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आई एकटी दुसऱ्या मजल्यावर अडकली होती. लाईट नाही, फोनची बॅटरी संपत आलेली. मी इथून ज्याला त्याला फोन लावत होतो. अखेर एका अनोळखी नंबरवरून आईचा आवाज आला. गल्लीतली पोरं होडी घेऊन आली होती, फोन त्यांचाच. मागून एक जण ओरडत होता, "काकू, बीपीची गोळी कुठली लागत्या तेवढं सांगा." दोन तासांत गोळ्या आल्या, सोबत भाकरी आणि दूध. त्या पोरांची नावं आईला आजही माहीत नाहीत. दर दिवाळीला ती फराळाचा एक डबा जास्तीचा करते आणि कोपऱ्यावर जी पोरं बसलेली असतील त्यांना देते.

कटवाला

मिसळीसोबत पाव मागितला. "स्लाइस हाय" म्हणाले. नंतर स्वतःहून "जरा कट वाढा" म्हटलं, तर मालकानं पहिल्यांदा वर बघून मान हलवली. बास, तोच माझा दिवस.

टेंबलाईचा पायथा

पी ढबाक कुणीच लिहिलं नाही? आषाढात मंगळवारी-शुक्रवारी गल्लोगल्लीची जत्रा टेंबलाईच्या टेकडीवर जाते. नदीला नवं पाणी आलेलं असतं, ते कलशात भरून न्यायचं आणि देवीच्या पायऱ्यांवर ओतायचं. पिपाणीचा 'पी' आणि ढोलाचा 'ढबाक'. वाजंत्र्याचं नाव काय असलं पाहिजे ते आवाजानंच ठरवलं. लहानपणी माझ्या डोक्यावर छोटा कलश असायचा. गढूळ पाणी हिंदकळून कपाळावर यायचं आणि कुणी पुसायचं नाही. ओल्या पायऱ्यांवर तळपाय ठेवला की होणारा तो गार स्पर्श! मुंबईत भाड्याच्या खोलीत पहिल्या पावसाच्या दिवशी तोच आठवला आणि मी रडून घेतलं. पुढच्या आषाढात रजा काढून आले.

दसरा चौक

माझे आजोबा गडहिंग्लजजवळच्या खेड्यातून इथं शिकायला आले ते शाहू महाराजांनी सुरू केलेल्या एका बोर्डिंगमुळं. १९०१ पासून महाराजांनी एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी केली, त्यातली कितीतरी या चौकाच्या आसपास आहेत. आजोबा शिकले म्हणून वडील शिकले, म्हणून मी आज हे लिहितेय.

६ मे २०२२ ला महाराजांना जाऊन शंभर वर्षं झाली. सकाळी दहा वाजता शंभर सेकंद शहर थांबणार होतं. मी रिक्षात होते. रिक्षावाल्या काकांनी इंजिन बंद केलं, बाहेर येऊन चपला काढल्या. समोर भाजीची पाटी घेतलेली बाई ती पाटी डोक्यावर धरूनच उभी. एरवी हॉर्नशिवाय क्षण न जाणारा तो रस्ता, त्यावर कावळ्याचा आवाज ऐकू येत होता. नंतर काका गाडीत बसून म्हणाले, "चला, महाराजांनी सोडलं." उतरताना त्यांनी भाडं घेतलं नाही.

विंगेतला

८ ऑगस्ट २०२४ ची रात्र. केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागल्याचा मेसेज आला आणि होतो तसा पळालो. शाहू महाराजांनी १९१५ साली बांधलेलं पॅलेस थिएटर ते. दुसऱ्या दिवशी गायकनट केशवरावांची जयंती होती. राज्य नाट्य स्पर्धेत माझं पहिलं वाक्य त्याच रंगमंचावर मी विसरलो होतो आणि पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी ते हळूच सांगितलं होतं. त्या रात्री रस्त्यावर रंगकर्मी होते तसे पैलवान होते, रिक्षावाले होते, ज्यांनी कधी नाटक बघितलं नसेल अशा बायका होत्या. शेजारी उभ्या एका काकूंना विचारलं, तुमचं कुणी नाटकात आहे का? म्हणाल्या, "न्हाई. पण आमचं हाय न्हवं ते."

धागाकर्ता

सगळ्यांचे अनुभव आज कट्ट्यावर मोबाईलवरून मामांना वाचून दाखवले. धार काढता काढता ते ऐकत होते. नाट्यगृहाचं वाचलं तेव्हा त्यांचे हात थांबले, म्हशीनं मान वळवून बघितलं. सगळं झाल्यावर म्हणाले, "बरं लिवलंय. पर म्हशी ऱ्हायल्या की!"

दिवाळी पाडव्याला गवळी म्हशी सजवतात. शिंगं रंगवलेली, डोक्यावर मोरपिसं, पायात घुंगरं. मालक मोटारसायकल फुर्र करत पुढं काढतो आणि म्हैस फक्त त्याच्याच गाडीच्या आवाजामागं धावत सुटते. दहा गाड्या गुरगुरत असल्या तरी चुकत नाही. मामांची म्हैस गेल्या वर्षी त्यांच्या मुलाच्या नव्या गाडीमागं जाईना. जुनी गाडी गॅरेजमधून आणली, तेव्हा निघाली.

मामांनी सांगितलंय, पाडव्याला सगळ्यांना घेऊन या. म्युनिकवाल्यांना खास निरोप आहे, आईंना आणायचं. दूध त्यांच्याकडनं.