डॅशचा मराठी फॉर्म तपासायचा कुणावर?

मिरज_फिजिओ
हात-खांदा किती अडतोय हे मोजणारी 'डॅश' प्रश्नावली 1996 सालची. 30 प्रश्न, प्रत्येकाला 1 ते 5 गुण, शेवटी 0 ते 100 आकडा. आकडा मोठा तितका त्रास जास्त. मराठी भाषांतराची वैधता, म्हणजे मोजायचं तेच ते मोजतं का ही तपासणी, ओपीडीत सापडतील त्या पेशंटवर उरकायला माझा विरोध आहे. तीन उत्तरं कोरी राहिली तर चालतं, चौथं राहिलं की स्कोअर धरायचा नाही. आता बघा. 21वा प्रश्न लैंगिक संबंधांचा, शेजारी सासू बसलेली. कोरा. गोल्फ-टेनिसवाला कोरा, फ्रिस्बी-बॅडमिंटनवाला कोरा. पत्ते-विणकामावर बाई नुसती हसते. चार झाले, बाई अभ्यासातून बाद. उरले बँकेतले नि शाळेतले, आणि त्यांच्यावर पास झालेला फॉर्म ऊसतोडीवाल्याला लावायचा!

आकडेमोड
फॉर्मच्या डोक्यावरची सूचना वाचलीत का? गेल्या आठवड्यात ते काम केलं नसेल तर जमलं असतं का याचा अंदाज सांगा, असं स्वच्छ लिहिलंय. कोरं राहतं ते कागद पुढं सरकवून चहाला जाणाऱ्यांमुळं. शिवाय दोघांचं भाषांतर, उलट भाषांतर, तज्ज्ञांची समिती, मग 30-40 जणांवर चाचणी अशी रीत आहे. गोल्फ खटकत असेल तर समितीत बोला. मनाचे प्रश्न घुसडलेत तर मात्र तुमचा 45 आणि मूळ फॉर्मवाल्या टोरांटोचा 45 शेजारी ठेवता येणार नाही.

कराडचा_ऑर्थो
मी 11 प्रश्नांचा छोटा फॉर्म वापरतो. (त्यात एकच कोरा चालतो, त्यामुळं भांडण मिटत नाहीच.)

मांडवाखाली
मी डॉक्टर नव्हे, तासगावकडं द्राक्षाची बाग आहे. विरळणीला, म्हणजे घडातले जादा मणी कात्रीनं काढायला, बायका दिवसभर मान वर, हात वर. आमच्यातल्या एकीला विचारलं, डोक्यावरचा बल्ब बदलता येतो का. येतो की! दोन मिनिटांचं काम ते. दुपारनंतर कात्री धरलेला हात खाली घेताना खांद्यातनं कळ येते, ती कुठं विचारलीय?

आकडेमोड
कामासाठी 4 प्रश्नांचं वेगळं पान आहे, ऐच्छिक. नेहमीच्या पद्धतीनं काम जमतं का, नेहमीइतका वेळ करता येतं का, हेच त्यात आहे. भरून घेत नाही तो दोष फॉर्मचा?

मिरज_फिजिओ
नाही, आपलाच. मी पाहिलेल्या प्रबंधांत ते पान सरसकट गाळलेलं असतं, आणि अल्फा (प्रश्न एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा) 0.9च्या वर गेला की पेढे! अहो, 30 प्रश्न एकमेकांची री ओढत असले तरी अल्फा वर जातोच. खरी अडचण पुनर्चाचणीची, म्हणजे दोन्ही वेळा आकडा तोच येतो का हे बघण्याची. काही दिवसांनी, दुखणं फारसं बदलायच्या आत, तोच फॉर्म पुन्हा भरायचा. रोजंदारीवरची बाई एका कागदासाठी हजेरी बुडवून मिरजेला का येईल?

आकडेमोड
हे मान्य. पण मग फॉर्म घेऊन तुम्ही जा. नमुना निवडण्यातली चूक आहे ही, प्रश्नावलीवर खापर नको.

मांडवाखाली
या की. फक्त विरळणी उरकल्यावर या, आत्ता माणसाला मान खाली घालायला सवड नाही.

मिरज_फिजिओ
उरकल्यावर येऊन काय उपयोग दादा, फॉर्म गेल्या आठवड्याचंच विचारतो.