हिवाळ्याच्या कामासाठी जुनी, मॅन्युअल गिअरची फॉर्च्युनर घेणे शहाणपणाचे आहे का?

गोठ्याचा डॉक्टर (औसा, जि. लातूर)

मी औसा तालुक्यात पशुवैद्यकाचे काम करतो आणि माझ्याकडे आठ वर्षांची एक लहान हॅचबॅक आहे. पावसाळ्यात ती गावाच्या वेशीवर लावून पुढे शेतकऱ्याच्या मोटारसायकलवर जायची मला सवय आहे आणि त्याबद्दल तक्रारही नाही, कारण ओल्या काळ्या रानात गाडी घालू नये हे आपल्याकडे लहान पोरालाही कळते. माझी खरी अडचण हिवाळ्याची आहे. कारखान्यांचे बॉयलर पेटले की उसाच्या जोडट्रॉल्या पाणंदीतून ये-जा करू लागतात. शेजारच्या उसाला दिलेले पाणी पाझरून पाणंद अर्धी ओली असतेच, तिच्यात ट्रॉल्यांच्या चाकांनी वीतभर खोल चाकोऱ्या पडतात आणि पुढच्या आठ-दहा दिवसांत त्या दगडासारख्या वाळतात. गेल्या वर्षी येळवसीच्या (मार्गशीर्ष अमावस्येच्या सणाच्या) आदल्या रात्री एका म्हशीचे रेडकू अडले होते. मी घाईने निघालो आणि वस्तीच्या अलीकडेच गाडीचा चेंबर फुटला. इंजिनचे सगळे ऑइल पाणंदीत सांडले, आणि मी बॅग डोक्यावर घेऊन उरलेले अंतर चालत गेलो.

आता माझ्यासमोर २०१३ ची टोयोटा फॉर्च्युनर आहे: तीन लिटरचे डिझेल इंजिन, पाच गिअरची मॅन्युअल, फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद), एमएच-२४ पासिंग, १,६८,००० किलोमीटर धावलेली, मागणी साडेदहा लाखांची. तिचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोटाची जमिनीपासूनची उंची, २२० मिलिमीटर आहे, म्हणजे माझा मुख्य प्रश्न तिथेच सुटतो. उन्हाळ्यात आणि डांबरी रस्त्यावर हॅचबॅकच वापरीन. ही गाडी दिवाळीपासून होळीपर्यंतची. माझे मत घेण्याकडे झुकलेले आहे, आणि मॅन्युअलच घ्यावी असे मला वाटते, कारण इतक्या जुन्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बिघडला तर लातुरात तो कोण उघडणार? माझे काही चुकत असेल तर स्पष्ट सांगावे.

निवृत्त मास्तर (परळी)

डॉक्टरसाहेब, स्पष्टच सांगतो. आपली अडचण खरी आहे, पण उपाय चुकीचा आहे. चाकोरीवरून जायला उंच गाडी हवी, हे मान्य. पण ती दोन टन वजनाची असावी असे कोणी सांगितले? आपणच लिहिता की पाणंद अर्धी ओली असते. वरची खपली वाळलेली आणि खाली लोण्यासारखी माती, अशा जागी जड गाडी खपली फोडून खाली जाते, तर हलकी गाडी तिच्यावरून निघून जाते. मारुतीची जिम्नी साधारण बाराशे किलोची आहे, तिलाही लो रेंज (कमी वेगात चाकांना जास्त जोर देणारी गिअरची सोय) आहे, मॅन्युअलही मिळते. जुनी जिप्सी तर त्याहून हलकी. तीही नको असेल तर बोलेरो घ्या, तिचे सामान प्रत्येक तालुक्याच्या गावी मिळते.

दुसरी गोष्ट जरा अवघड आहे, तरी लिहितो. आपल्या भागात पांढरी फॉर्च्युनर म्हणजे काय, हे आपण जाणता. ती वस्तीवर आली की माणसे आधी उठून उभी राहतात आणि मग आत कोण बसले आहे ते पाहतात. ज्याची एकच म्हैस आहे, तो शेतकरी पुढच्या वेळी रात्री दोन वाजता आपल्याला फोन करताना दहा वेळा विचार करील.

गॅरेजवाला (अंबाजोगाई)

मास्तरांच्या वजनाच्या मुद्द्यात तथ्य आहे, मात्र ते टायरबद्दल काहीच बोलले नाहीत. या गाड्यांना बहुतेक वेळा हायवेचेच टायर असतात. काळी माती त्यांच्या खाचांत भरली की टायर गुळगुळीत होतो, आणि मग चारही चाके फिरतात पण गाडी जागची हलत नाही. मी तर म्हणेन की चांगले ऑल टेरेन (कच्च्या रस्त्यावरही चालणारे) टायर लावलेली फोर बाय टू, म्हणजे दोनच चाकांना ताकद असलेली गाडी गुळगुळीत टायरच्या फोर बाय फोरपेक्षा पुष्कळदा पुढे जाते. त्यामुळे साडेदहा लाखांत टायरचा खर्च धरलेला नाही, हे लक्षात ठेवावे.

मॅन्युअलबाबत मी डॉक्टरांच्या बाजूने आहे, पण त्यांनी दिलेल्या कारणासाठी नव्हे. ऑटोमॅटिक उघडणारे लोक आता मिळतात. मॅन्युअलचा फायदा असा की तिची झीज घेण्याआधी ओळखता येते. गाडी चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाने चालवावी आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबावा. इंजिनाचा आवाज वर चढला आणि वेगाचा काटा मात्र तिथेच राहिला, तर क्लच प्लेट संपली आहे. गाडी सकाळी सहाला बघायला जावे आणि मालकाला आदल्या रात्रीच सांगून ठेवावे की मी येईपर्यंत ती सुरू करू नका. बॉनेटला हात लावून इंजिन थंड आहे याची खात्री करावी. त्या थंडीत पहिल्या सेल्फला ती कशी उठते, पहिल्या मिनिटाला कसा खडखडाट करते आणि धूर कोणत्या रंगाचा काढते, यावरून इंजेक्टरची जी माहिती मिळते, ती दुपारच्या चकरेत मिळत नाही. हिवाळ्यासाठी गाडी घ्यायची, तर ती हिवाळ्यातच तपासावी. या तीन लिटरच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे आणि दीड लाखाच्या आसपास तो बदललेला असायला हवा. त्याची पावती मागावी, तोंडी आश्वासन घेऊ नये.

आणखी एक. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात जो पूर आला, त्यात पुष्कळ गाड्या बुडाल्या आणि त्या धुऊन पुसून आता बाजारात येत आहेत. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघावा. माणूस डॅशबोर्ड धुतो, गालिचे बदलतो, पण बेल्टचा जो भाग एरवी गुंडाळलेलाच राहतो तिथली गाळाची रेघ बहुतेकदा तशीच राहते.

समृद्धीचा प्रवासी (छत्रपती संभाजीनगर)

मॅन्युअलचे हे कौतुक मला पटत नाही. मी स्वतः सहा वर्षांपूर्वी एक जुनी, जर्मन बनावटीची, मॅन्युअल गिअरची आलिशान गाडी घेतली होती. नाव सांगत नाही, कारण दोष गाडीपेक्षा माझ्या हौसेचा होता. क्लचबरोबर फ्लायव्हीलही बदलावे लागले आणि त्या एका बिलात एखादी बरी मोटारसायकल आली असती. अशा गाड्यांत नुसत्या नावावर जाऊ नये: ऑडीने २०१३ मध्ये क्यू३ एस मॅन्युअल गिअरमध्ये आणली होती, पण तिला ताकद फक्त पुढच्या चाकांना होती. उंच दिसते, बिल्ला चांगला आहे, एवढ्यावर ती पाणंदीत उपयोगी पडेल असे समजणारे मी पाहिले आहेत.

शिवाय रुतलेली गाडी काढताना नवखा माणूस हाफ क्लचवर गाडी झुलवत बसतो, पाच मिनिटांत जळका वास येतो आणि क्लच संपतो. टॉर्क कन्व्हर्टरच्या (क्लच प्लेटऐवजी तेलातून ताकद पोहोचवणाऱ्या) ऑटोमॅटिकमध्ये तो प्रकारच नाही. ती सावकाश, एकसारख्या जोराने ओढते. रात्री दोन वाजता, झोपेतून उठून, समोर रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली असताना, डाव्या पायाला काम नसणे हीसुद्धा सुरक्षितताच आहे.

गोठ्याचा डॉक्टर (औसा)

मास्तर, आपला दुसरा मुद्दा मला लागला आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पहिल्याला मात्र आहे. माझ्यासोबत कॅल्शियमच्या बाटल्या, प्रसूतीच्या साखळ्या, कृत्रिम रेतनाच्या कांड्या ठेवायचे नायट्रोजनचे भांडे आणि पुष्कळदा दोन माणसे असतात. जिम्नीत मागची सीट उभी ठेवली तर हे मावत नाही. बोलेरोबद्दल आपण म्हणता ते खरे आहे, पण आज मिळणाऱ्या साध्या बोलेरोला ताकद फक्त मागच्या चाकांना असते.

संभाजीनगरच्या सरांना एवढेच विचारतो: आपण हाफ क्लचचे जे उदाहरण दिले, ते लो रेंज न वापरण्याचे नाही का? या फॉर्च्युनरला चारही चाकांना कायम ताकद जाते, आणि लिव्हर खाली ओढला की लो रेंज लागते. पहिल्या गिअरला क्लच पूर्ण सोडून ती माणसाच्या चालीने, अॅक्सिलरेटरशिवाय पुढे सरकते. क्लच जळतो तो वापरणाऱ्याच्या घाईने. ट्रॉलीचे मात्र आपण म्हणता तसेच आहे.

दूरचा शेजारी (मूळ उदगीर, सध्या मॉन्ट्रियल)

आपण सगळे ज्याला हिवाळ्याची गाडी म्हणत आहात, ती कल्पना इकडे फार रुळलेली आहे, म्हणून लिहितो. इकडे चांगली गाडी नोव्हेंबरात झाकून ठेवतात आणि चार महिने एखादी जुनी, पडेल ती हाल सोसणारी गाडी वापरतात. त्यामागचे मोठे कारण रस्त्यावर टाकलेले मीठ. ते चासी खालून खाते. जुनी बीएमडब्ल्यू एक्स५ किंवा पोर्श कायेन मॅन्युअल गिअरमध्ये इकडे विकली जात असे, आणि अशी गाडी स्वस्तात मिळाली म्हणून बर्फासाठी घेणारे हौशी लोक आहेत. बर्फावरून दुसऱ्या गिअरला हळूच निघता येते, उतारावर इंजिनाने वेग धरता येतो, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. पण अनुभवी माणूस आधी टायर विचारतो. आमच्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर लावणे कायद्यानेच बंधनकारक आहे, कारण साधारण सात अंशांच्या खाली नेहमीच्या टायरचे रबर कडक होते आणि पकड सुटते. फोर बाय फोर गाडी निघायला मदत करते, थांबायला नाही. मराठवाड्यात मीठही नाही आणि बर्फही नाही, तरी गॅरेजवाल्या दादांनी टायरचे जे सांगितले ते इथेही पहिल्या क्रमांकावर धरतात. माझे मत: गाडी स्वस्त मिळते आहे म्हणून तिचा खर्च स्वस्त होत नाही. सामान नव्या गाडीच्याच भावाचे लागते.

कागदपत्रवाला (नांदेड)

मला एकजण खासगीत विचारत होता की डॉक्टरांनी दिल्लीची गाडी का आणू नये, ती तीन-चार लाखांनी स्वस्त पडेल. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशांनंतर दहा वर्षांवरील डिझेल गाड्या तिथून बाहेर पडू लागल्या, हे खरे आहे. पण तिथल्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र, त्यासाठीचा फॉर्म २८, इकडचा रस्ता कर, नवा नंबर आणि त्यासाठीच्या चकरा हे धरले, तर वाचलेल्या पैशांतले किती उरतात ते मांडून बघावे. एमएच-२४ ची गाडी असेल तर मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर काम होते, बँकेचा बोजा असेल तर ३५ लागतो. एक मात्र विसरू नये: खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, म्हणजे २०१३ ची गाडी २०२८ मध्ये पुन्हा तपासणीला उभी राहील आणि पर्यावरण कर भरावा लागेल. साडेदहा लाखांच्या वाटाघाटीत ही गोष्ट विकणारा काढणार नाही, घेणाऱ्याने काढावी.

निवृत्त मास्तर (परळी)

डॉक्टर, नायट्रोजनच्या भांड्यापुढे माझी जिम्नी हरली, हे कबूल. पण वजनाचे माझे म्हणणे मी मागे घेत नाही. ती रुतली, तर काढायला साधा ट्रॅक्टर पुरणार नाही.

गोठ्याचा डॉक्टर (औसा)

काल सकाळी सहा वाजता गाडी बघून आलो. अंगावर शाल होती आणि गाडीच्या काचेवर दव. बॉनेट थंडगार होते, पहिल्या सेल्फला उठली, धूर जवळपास नाही. चौथ्या गिअरची परीक्षाही उतरली. सीटबेल्ट स्वच्छ निघाले. टायमिंग बेल्टची पावती मालकाने ड्रॉवरमधून काढून दाखवली.

मग लो रेंज लावायला गेलो. क्लच दाबून, न्यूट्रलमध्ये, गाडी पूर्ण थांबवून दोनदा ओढले, तरी लिव्हर जागचा हलेना. मालक शेजारी उभे होते, व्यवसायाने कंत्राटदार. ते अगदी मोकळेपणाने म्हणाले, "डॉक्टर, मी बारा वर्षांत त्याला हात लावलेला नाही. तो कशाला असतो हेही मला नक्की माहीत नव्हतं."

मी साडेआठ लाख सांगितले आहेत. लिव्हर सुटून लो रेंज लागली आणि टायर माझ्या पसंतीचे निघाले, तर नऊ. त्यांनी रविवारपर्यंत वेळ मागितला आहे. मॅन्युअलचे माझे मत कायम आहे. गॅरेजवाले दादा, रविवारी आपल्याला वेळ असेल तर गाडी अंबाजोगाईला घेऊन येतो. लिव्हर नुसता गंजला आहे की आत काही तुटले आहे, ते आपण उघडून सांगावे. तपासणीचे पैसे मालक देणार नाहीत, मी देईन.